गुणाजीकाकांची पाच तोंडं

माझं काम काय, असं कोणी विचारलं की मी आधी खोल श्वास घेते. कारण खरं सांगितलं की माणसं हसतात. मी शाळाशाळांतून वर्गाचं वातावरण मोजते. पेणच्या एस. टी. स्टँडवर आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी तर तोंडावर विचारलं, "म्हणजे नूतन, तू हवामान खात्यात लागलीस?" मी म्हटलं, "हो, आणि तुमच्या वर्गात कायम ढग असतात म्हणे." माझा स्वभाव असा तिखट आहे. त्यामुळे लग्न जमलं नाही असं भावजय म्हणते. म्हणू दे, तिच्या तोंडाला कोण लागतंय.

तर काम असं. चौथीच्या वर्गात जायचं. बाईंना, गुरुजींना बाहेर पाठवायचं. दोन मुलांच्या मध्ये दप्तर उभं करायला सांगायचं, म्हणजे कोणी कोणाचं बघणार नाही. मग एकेक वाक्य वाचायचं. 'मी चुकलो तरी माझ्या वर्गात कोणी हसत नाही.' 'मधल्या सुट्टीत मला कोणीतरी हाक मारतं.' 'माझं मन जड असलं तर कोणाच्या तरी लक्षात येतं.' प्रत्येक वाक्यापुढे पाच चेहरे. अगदी दुःखीपासून अगदी आनंदीपर्यंत. मुलानं आपल्याला जसं वाटतं त्या चेहऱ्यावर खूण करायची. कागदावर नाव नाही. वाचताना हसायचं नाही, भुवई उचलायची नाही, एकाच आवाजात वाचायचं. एरवी मी सरळ आवाजात बोलत नाही, पण वर्गात अगदी दगडासारखी वाचते.

आता भानगड झाली ती चेहऱ्यांची. ज्या संस्थेसाठी मी हे काम करते तिनं पुण्याहून छापून पाठवलेले चेहरे म्हणजे मोबाईलवरचे पिवळे गोल. पेणजवळच्या गडब गावातल्या एका शाळेत मी कागद वाटले मात्र, पोरं ओरडली, "व्हाट्सअ‍ॅप! व्हाट्सअ‍ॅप!" आणि ज्याला जो आवडला त्यावर त्यानं खुणा केल्या. वाक्य कोण ऐकतंय! आमच्या सुरभी मॅडम पुण्याला बसून सगळे आकडे बघतात. त्यांनी फोन केला, "नूतनताई, तिकडे कोणी हातानं चित्रं काढणारं मिळेल का? साधे, माणसाचे चेहरे हवेत."

पेणमध्ये हातानं चेहरे काढणारा मिळेल का? अहो, गणपतींचं गाव आमचं. आणि माझ्या खोलीला लागून भिंतीपलीकडे तर साक्षात गुणाजीकाका.

गुणाजीकाका खाडीकाठच्या खारेपाटातले. बापाचं मिठागर होतं, तिथे कमरेएवढ्या चिखलात उभं राहायचं ह्यांच्या जिवावर यायचं, म्हणून लहानपणीच पेणला गणपतीच्या कारखान्यात आले ते इथेच राहिले. कारखान्यात सगळ्यात मोठा मान आखणीवाल्याचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणाऱ्याचा. माती कोणी मळतो, रंग कोणी मारतो, पण डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते काढणारा हात एकच. आमच्या गल्लीतल्या कारखान्यात तो हात चाळीस वर्षं काकांचा. सीझनला त्यांच्याशी कोणी बोलत नाही. श्वास रोखून बसलेले असतात, नाकासमोर देवाचं तोंड, हातात चार केसांचा कुंचला. दिवाळीनंतर मात्र काम थंड. मग काका आपले खोलीच्या दारात बसून रस्त्याकडे बघत राहायचे. एकट्याचा भात, एकट्याची सुकट, एकट्याचा रेडिओ. माझी मालिका मोठ्यानं लागली की भिंतीवर दोन थापा. आमचं बोलणं म्हणजे बहुतेक तेवढंच.

मी त्यांना काम सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरांना असा विचारतव? तुला वर्गात एकटा वाटतो का, असा?"

"हो काका."

"आणि पोरा खरा सांगतान?"

"नाव नसतं ना कागदावर. म्हणून सांगतात."

ते बराच वेळ नखातला रंग काढत बसले. मी पैशाचं विचारलं तर चिडलेच. "पैसं नको मना. रोह्याच्या शाळंत जातंस का तू?"

जाणार होतेच. यादीत रोह्याच्या बाजूच्या शाळा होत्या. तेव्हा ते उठले, ट्रंक उघडली आणि एक फोटो माझ्या हातात दिला. तीन वर्षांची एक पोर, गणपतीच्या सोंडेला हात लावून उभी, आणि गालाला सोनेरी रंग लागलेला. "माझी किमया," म्हणाले. "अनिताची पोर."

अनिता म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. ती गेली, हे मला माहीत होतं. डोक्यात गाठ झाली आणि दोन महिन्यांत आटोपलं. बायको त्याआधीच गेलेली. पण पुढचं मला माहीत नव्हतं, कारण काकांनी कधी कोणाला सांगितलंच नाही. जावई प्रणित रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. माणूस वाईट नाही. अनिता गेल्यावर काका दर रविवारी नातीला भेटायला जायचे. काका निघाले की पोर दारात आडवी पडायची, मग दोन दिवस जेवायची नाही. वर्षानं प्रणितनं दुसरं लग्न केलं. तेव्हा त्यानं काकांना हात जोडून सांगितलं, "बाबा, तुम्ही येऊन गेलात की ती फार रडते. नव्या आईजवळ रुळत नाय. थोडे दिवस येऊ नका. मी बोलावतो."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. बोलावला नाय."

"आणि तुम्ही गेला नाहीत?"

"न बोलावता जावयाच्या दारात कसा जायाचा गो? लेक असती तर गोष्ट येगली."

मला असा संताप आला! प्रणितचाही आणि काकांचाही. रोहा काय लंडनला आहे? पेणहून गाडीत बसलं की नागोठणं, निडी आणि रोहा. पण ही जुनी माणसं मानापायी मरतील, पाऊल उचलणार नाहीत. थोड्या दिवसांची सहा वर्षं झाली होती आणि काका अजून बोलावण्याची वाट बघत होते.

"ती चवथीला हाय आता," ते म्हणाले. "आयशिवाय पोर. वर्गात कोपऱ्यात बसत आसंल. कोनाशी बोलत नसंल. तू एवढाच बघ, ती कुठल्या तोंडावर खूण करते. बास. मना दुसरा काय नको."

मी सरळ सांगितलं, ते जमणार नाही. कोणाच्या कागदावर काय हे बघायचंच नाही, असा नियम आहे, आणि मी नियम मोडत नाही. काकांनी फोटो पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि म्हणाले, "बरा. पण शाळंत तर जाशील ना? बघशील ना तिला?" एवढ्याला नाही म्हणायला मी काही राक्षसीण नाही.

चार दिवसांनी काकांनी पाच तोंडं काढून दिली. काय सुंदर! मी लगेच झेरॉक्स काढल्या, मिनीडोर रिक्षा पकडली आणि पुन्हा गडबला गेले. ह्या वेळी पोरं शांत बसली. मान खाली घालून खुणा केल्या. मी खुशीत.

दुसऱ्या दिवशी सुरभी मॅडमचा फोन. आवाज रडवेला. "नूतनताई, हा काय प्रकार आहे? सगळ्या वर्गानं अगदी दुःखी चेहऱ्यावर खूण केली आहे. सगळ्या वाक्यांना! त्या शाळेत काही भयंकर चाललंय का?"

भयंकर? मी तो वर्ग डोळ्यांनी बघितला होता. बाई आत आल्या तशा पोरी त्यांच्या पदराला लोंबकळल्या होत्या. काहीतरी चुकत होतं. मी तडक उठून परत गडबला गेले. पुढच्या बाकावर एक दात पडलेली पोरगी होती, तिच्यासमोर कागद ठेवला आणि विचारलं, "ह्यातला आनंदी कोण?"

तिनं पटकन सगळ्यात दुःखी चेहऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो."

"अगं, हा रडवेला आहे ना? तोंड बघ, खाली वळलंय."

"पण ह्यो आपल्याकडं बघतो," ती म्हणाली. "ह्यो चांगला हाय."

मी कागद उचलून नीट बघितला आणि कपाळावर हात मारला. ओठ खाली वळलेले, गाल ओढलेले, सगळं बरोबर. पण डोळे? डोळे गणपतीचे! हसऱ्या चेहऱ्यांचे डोळे हसण्यानं बारीक झालेले, पण दुःखी माणसाच्या तोंडात काकांनी देवाचे उघडे डोळे बसवून ठेवले होते. तो चेहरा इतक्या मायेनं बघत होता की मलाही त्याच्यावरच खूण करावीशी वाटली.

पेणला आल्या आल्या मी काकांचं दार वाजवलं. "काका, माझी नोकरी घालवता का? रडका डोळा काढायला सांगितला होता तुम्हाला!"

काकांनी कागद हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "मना येत नाय गो तो."

"चाळीस वर्षं डोळे काढता आणि येत नाही?"

"म्हणून तर येत नाय." त्यांचे पहिले मालक कुंचला हातात देताना सांगायचे म्हणे, की समोर कोण पण येऊ दे, हसत येऊ दे नाही तर रडत येऊ दे, त्याला वाटलं पाहिजे देव माझ्याकडेच बघतो. आणि ज्या घरी उदास डोळ्यांचा गणपती जाईल, त्या घरचं अख्खं वर्ष उदास जाईल. म्हणून हात जड असेल, घरात काही वाईट झालं असेल, तर त्या दिवशी आखणीला बसायचंच नाही. अनिता गेली तेव्हा काका महिनाभर कारखान्यात गेले नव्हते. हात पुन्हा देवासारखा झाला तेव्हाच गेले. "आता तू बोलतंस रडका काढ. त्यो हातातून उतरतच नाय."

माझ्यासमोर त्यांनी परत प्रयत्न केला. एक कागद, दुसरा कागद. प्रत्येक वेळी डोळ्यातली बाहुली अशी काही खाली उतरायची की पुन्हा आपल्याकडे बघायची. शेवटी त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि एवढंसं तोंड केलं. ते तोंड तसंच्या तसं छापलं असतं तर माझं काम झालं असतं.

शेवटी सोडवणूक केली ती हौसानं. हौसा कारखान्यात उंदीर रंगवते. नव्या माणसाला आधी उंदीरच देतात, आणि हौसा बारा वर्षं झाली तरी उंदरावरच आहे, कारण तिला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणाली, "काका, तुमचा डोळा लय मोठ्या मनाचा हाय. माझा उंदराचाच बरा." आणि काकांनी डोळ्यांविना काढून दिलेल्या पाच तोंडांत तिनं दोन-दोन ठिपके दिले. झालं. दुःखी तो दुःखी दिसायला लागला, आनंदी तो आनंदी. गडबच्या त्याच पोरीला दाखवलं तर तिनं बरोबर ओळखले. मॅडम खूश झाल्या. काका मात्र त्या उंदरांच्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, "जल्ला मेला, आता पोरांकडं कोन बघनार?"

मग रोह्याची पाळी आली. आदल्या दिवशी काकांनी मला तीनदा विचारलं, कितीची गाडी. सकाळी मी कुलूप लावत होते तर हे दारात उभे, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. जसे काही स्वतःच निघाले आहेत. "तिच्या हनवटीला खळी हाय," म्हणाले. "अनितासारखी." मी म्हटलं, "काका, मी बघते म्हटलं ना?" आणि पळाले. पळाले नसते तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि मला ते आवडत नाही.

वर्गात शिरल्यावर खळी शोधावी लागली नाही. बाईंनी दारातूनच हाक मारली, "किमया, मॅडमना कागद वाटायला मदत कर." दुसऱ्या बाकावरून एक तरतरीत पोर उठली. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, आणि चालताना वेण्या उडत होत्या. तिनं कागद वाटले, वाटताना एकाच्या टपलीत मारली, आणि परत जागेवर गेली तर तिच्या शेजारी कोणी बसायचं ह्यावरून दोघी भांडत होत्या. तिनंच निकाल दिला. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. मग मला म्हणाली, "मॅडम, दप्तर दोन पायजेत, मी मधी हाय."

मी वाक्यं वाचली. दगडासारखी. 'मधल्या सुट्टीत मला कोणीतरी हाक मारतं' हे वाचताना मान वर केली नाही. तिच्या कागदाकडे बघितलं नाही, देवाशपथ. बघायची गरजच नव्हती. ज्या पोरीला सगळा वर्ग हाक मारत होता तिनं कशावर खूण केली असेल हे आंधळ्यालाही कळलं असतं.

कागदही तिनंच गोळा करून आणून दिले. ते देताना वरच्या कागदाकडे बघत म्हणाली, "ही तोंडा कोनी काढली? भारी हायेत. डोळंच नाय बरोबर."

मी म्हटलं, "पेणला एक आजोबा आहेत, त्यांनी. गणपती करतात."

"माझं आजोबा निडीला हायेत," ती लगेच म्हणाली. "आईचं बाबा. त्यांची भाताची शेती हाय, आनि म्हशी. मी सुट्टीला तिकडंच जाते."

"आणखी कोणी आजोबा आहेत तुला?"

तिनं क्षणभर विचार केला. खरंच केला, उगाच नाही. "नाय. एकच," म्हणाली आणि पळाली. बाहेर कोणीतरी तिला हाक मारत होतं.

परतीच्या एस. टी.त मी नागोठण्यापर्यंत एकच गोष्ट करत होते. खोटं जुळवत होते. 'तिनं तुमची चौकशी केली.' 'फोटो आहे म्हणाली तिच्याकडे.' 'आजोबा कधी येणार असं विचारत होती.' मी आयुष्यात कोणाला बरं वाटावं म्हणून बोलले नाही, पण त्या दिवशी बोलणार होते. मनात दहादा पाठ केलं. प्रणितला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण त्याही नीट जमेनात. पोर इतकी सुखात होती की शिव्या द्यायच्या कोणाला आणि कशासाठी? त्या नव्या बाईनं पोरीच्या वेण्या किती घट्ट आणि सारख्या घातल्या होत्या, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

काकांनी चहा करून ठेवला होता. दोन कप. त्यांच्याकडे दुसरा कप आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी बसले आणि सांगायला लागले. किमया वर्गात सगळ्यांत पुढे असते, बाई तिलाच कामं सांगतात, तिच्या शेजारी बसायला पोरी भांडतात. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, चहा हातात तसाच. मधूनच "व्हय?" म्हणायचे. "खरा?" म्हणायचे. "टपलीत मारली? अनिता पन अशीच होती गो!" असं हसले की त्यांना खोकला लागला. सहा वर्षांत मी त्यांना इतकं हसताना बघितलं नव्हतं. "रडत नाय ना?" "नाही काका." "कोपऱ्यात बसत नाय?" "ती? ती सगळ्या वर्गाला कोपऱ्यात बसवेल."

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि धोतराचा सोगा नीट करत विचारलं, "माझा काय बोलली?"

पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. पण ते बघत होते. आयुष्यभर जे डोळे काढले तसेच स्वतःचे झाले होते त्यांचे. त्या डोळ्यांसमोर मला खोटं बोलवेना. आणि गप्प बसले तर त्यातूनही त्यांना कळलंच असतं.

"तिचे आजोबा निडीला असतात म्हणाली," मी म्हटलं. "नव्या आईचे वडील. दुसरे कोणी नाहीत म्हणाली."

काकांनी मान हलवली, एकदा, दोनदा. "बरा झाला," म्हणाले. "प्रणितनं बरा केला. मी जात राहिलो असतो तर पोर रडत राहिली असती. बरा केला त्यानं."

"काय बरं केलं!" मी तडकले. "उद्या चला माझ्याबरोबर. मी घेऊन जाते तुम्हाला. न बोलावता जायचं, काय करतो तो बघू!"

"कशाला?" ते म्हणाले. "तिला माझी गरज हाय का? नाय ना? मंग मी कोनासाठी जाऊ, माझ्यासाठी?"

मी म्हटलं, "हो, तुमच्यासाठी!" त्यावर त्यांनी फक्त हात हलवला.

चहा थंड झाला, त्यावर साय आली. अंधार पडला तरी त्यांनी दिवा लावला नाही, म्हणून शेवटी मीच उठून लावला. तेव्हा ते बोलले, माझ्याकडे न बघता.

"रोज रातच्याला जेवाया बसलो का मना वाटाचा, पोर जेवली आसंल का. रडत तर नसंल. शाळंत कोन मारत तर नसंल. त्या काळजीत भात पोटात जायाचा, रात पन जायाची. मी एकटा हाय असा कवा वाटलाच नाय गो मना. ती होती ना संगती." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. "आता ती सुखात हाय. आता मी काळजी कोनाची करू?"